रुमालाबाहेर

फोन टेबलावर थरथरला आणि पडद्यावरची रेषा एकदम कोसळली. फोनचा तिच्याशी थेट काही संबंध नव्हता. समोर बसलेल्या बाई दचकल्या होत्या आणि त्यांच्या करंगळीचा दाब सुटला होता. त्या एका शाळेत शिकवत. आमच्या प्रयोगासाठी आपणहून आल्या होत्या आणि तळहाताच्या कडेवर, स्नायूंचे ठोके टिपणारी ठिपक्यांची जाळी चिकटवून घेऊन मघापासून निमूट बसल्या होत्या. "माझ्यामुळे बिघडलं का हो?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी फोनवरचं नाव बघत होते. माय. माय दिवसा फोन करत नाही. दिवसा मी 'डुटीवर' असते आणि डुटीवरच्या माणसाला घरच्यांनी हाक मारायची नसते, असा तिचा नियम. मी बाहेर व्हरांड्यात गेले. पुण्यातली दुपार, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. फोनमध्ये आधी नुसता मेंढरांचा आवाज आला, मग ती म्हणाली, "बबे, एक इचारू का? तुझ्याच कामातलं हाय." मी म्हटलं, विचार की. "तुझ्या आबाची करंगळी त्या दिवशी माझ्या हातात हालली. मी उठून गेले त्याच्या आधी. ती आपोआप हालली का त्येंनी दाबली?" आबांना, माझ्या वडिलांना, जाऊन दीड महिना होऊन गेला होता; ते गेले तेव्हा माय मेंढवाड्यात होती, एवढंच मला ठाऊक होतं. करंगळीचं हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी काहीतरी बोलायला लागले तर ती म्हणाली, "फोनवर नको सांगू. तू ये." मी परत आत आले, बाईंना म्हटलं, काही बिघडलं नाही, पुन्हा सुरुवात करू. त्यांनी करंगळी पट्टीवर टेकवली, रेषा हळूहळू वर चढली, ठरलेल्या जागी जाऊन थरथरत थांबली, आणि मला ती बघवेना.

माझं काम थोडक्यात सांगायचं तर अंदाजाचं आहे. पाठीच्या कण्यातल्या ज्या पेशी स्नायूंना हुकूम सोडतात, त्यांच्यावर दर क्षणी हजारो जागांवरून निरोप येऊन आदळत असतात. मेंदूकडून, कातडीकडून, शेजारच्या पेशींकडून. काही चल म्हणणारे, काही थांब म्हणणारे. जिवंत माणसात हे येणारे निरोप बघता येत नाहीत, तिथवर सुई नेता येत नाही. पण पेशी शेवटी जो हुकूम सोडते तो स्नायूपर्यंत जातो आणि त्याचा बारीक ठोका कातडीवरून टिपता येतो. बाहेर आलेल्या ठोक्यांवरून आत काय आलं असेल त्याचा अंदाज करायचा. एका पेशीवरून फारसं कळत नाही, ती आपल्याच गोंधळात असते. पुष्कळ पेशींचे ठोके एकत्र केले की प्रत्येकीचा गोंधळ पुसला जातो आणि सगळ्यांना मिळून जे सांगितलं गेलं होतं तेवढं उरतं. त्या उरलेल्याला आम्ही इच्छा म्हणत नाही; शोधनिबंधात तसं लिहिता येत नाही. लोकांना वाटतं, आबांच्या दुखण्यामुळे मी या विषयाकडे वळले असेन. तसं नाही. विषय आधी होता, दुखणं मागून आलं. ज्या पेशींबद्दल मी परदेशातल्या लोकांसमोर उभी राहून बोलत होते, नेमक्या त्याच पेशी येलदरी धरणाच्या अलीकडच्या एका गावात, लिंबाखाली बाजेवर बसलेल्या एका मेंढपाळाच्या कण्यात एकेक करून मरत होत्या. यात अर्थ शोधायचा मी बराच काळ प्रयत्न केला, आणि मग सोडून दिला.

सुरुवात कातरीपासून झाली. लोकर कातरताना आबांच्या उजव्या हातात कातरीची पाती मिटेनात. त्यांनी कातर बदलली, मग धार लावून आणली, मग धार लावणाऱ्याला शिव्या दिल्या. मी दिवाळीला गेले तेव्हा त्यांनी भाकरी मोडली आणि मला त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी पडलेला खड्डा दिसला. मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासण्या करायच्या होत्या त्या केल्या, पण मला त्या खड्ड्यातच कळलं होतं. या दुखण्यात अंगठ्याकडची बाजू आधी सुकते, करंगळीकडची मागे राहते. का, याचं नीट उत्तर अजून कुणाकडे नाही. पुढे दंडाच्या, खांद्याच्या कातडीखाली फडफड सुरू झाली. आबा नुसते बसलेले असले तरी कातडीखालून काहीतरी उडायचं, थांबायचं, दुसरीकडे उडायचं. माय ते बघून हात जोडायची. आमच्यात देव अंगात येतो. आला की अंग आधी असंच ठिकठिकाणी फुरफुरतं, असं तिने लहानपणापासून पाहिलेलं. ती आबांच्या दंडाला भंडारा लावायची आणि आबाही, कधी देव न आलेला माणूस, थोडे ताठ बसायचे. सरजाबाई, आमच्या शेजारच्या, पाया पडायला यायच्या आणि जाता जाता सुनेला मुलगा होईल का ते विचारून घ्यायच्या. मी ते चालू दिलं असतं. पण आबा रात्रंदिवस त्या फडफडीकडे कान लावून बसायला लागले, देवाचं काही सांगणं होईल म्हणून जेवण टाळायला लागले, तेव्हा मी मायला शेजारी बसवून सांगितलं, की हे कुणी पाठवलेलं नाही. मरायला टेकलेली पेशी एकटीच मध्येच ओरडते, तिला कुणी काही सांगितलेलं नसतं. ह्यात देव नाही आणि आबाही नाहीत. मायने ऐकलं, भंडाऱ्याची वाटी उचलून देवळीत ठेवली आणि विचारलं, "मंग त्येंचं कोन्तं आन् आपोआप कोन्तं, हे वळखायचं कसं गं?" तेव्हा आबांना बोलता येत होतं, म्हणून मी म्हटलं, विचारायचं त्यांना.

पुढे बोलणं गेलं. आधी जीभ जड झाली, मग शब्दांची नुसती हवा उरली. हात गेले ते उजवा आधी, डावा मागून, आणि शेवटी डाव्या हाताची करंगळी तेवढी त्यांच्या हुकमात राहिली. त्या दिवसांत मी सुट्टी काढून गावी होते. एका सकाळी आबा खुंटीकडे एकटक बघत होते. खुंटीवर त्यांचा बाजाराचा रुमाल होता, लाल चौकटीचा. मायने पाणी दिलं, उशी बदलली, टोपी घातली. आबांची नजर हटेना. मग तिने रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला आणि सहज आपला हात खाली घातला. रुमालाखाली काय झालं ते मला दिसलं नाही, पण मायच्या तोंडावर जे दिसलं ते मी तिच्या तोंडावर कधी पाहिलेलं नव्हतं. ती लाजली होती.

जनावरांच्या बाजारात सौदा उघड बोलून होत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून भाव सांगतात, आणि भोवती उभ्या असलेल्यांना फक्त रुमाल हललेला दिसतो. रुमालाखाली दाबलेलं बोट म्हणजे शब्द. रुमालाबाहेर दाबलेलं म्हणजे काही नाही, नुसता हातात हात. आबांनी अख्खं आयुष्य असं बोलण्यात घालवलं होतं आणि माय एकदाही बाजारात उभी राहिली नव्हती. बायका जात नाहीत. मी लहान असताना एकदा आबांच्या पायाशी बसून त्या रुमालाखाली हात घातला होता आणि विचारलं होतं, "आबा, माझा भाव किती?" समोरचा व्यापारी हसला. आबांनी माझी सगळी बोटं मुठीत धरली आणि म्हणाले, "हिचा सौदा व्हायचा न्हाई, तुमी मेंढीचं बोला." आता त्या रुमालाखाली त्या दोघांचं बोलणं ठरत गेलं. करंगळी एकदा दाबली तर हो. नाही दाबली तर नाही. दाबून धरली तर 'उठू नको, इथंच थांब'. आणि रुमाल नसेल तेव्हा जे काही हलेल ते आपोआपचं, ते मोजायचं नाही. मायचा प्रश्न असा सुटला. मलाही ते फार पटलं. पुण्याला परतताना गाडीत मला वाटलं होतं, आता काळजी नाही, यांच्यात गफलत होणार नाही.

त्या फोननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी देवगाव फाट्यावर उतरले तेव्हा रामप्रसाद, माझा धाकटा भाऊ, मोटारसायकलीवर बसून चहा पीत होता. मला बघून त्याने बशी तशीच ठेवली. "काहून बलावलं मायनं तुला? मला सांगना झाली. म्हनती, तुझ्या कामाचं न्हाई." मी म्हटलं, मलाही नीट माहीत नाही. "मेंढरं माझ्या कामाची, बाकी समदं तायडीच्या कामाचं," तो म्हणाला आणि गाडीला लाथ मारली. वाटेत वारा असल्यामुळे तो ओरडून बोलत होता. माय जेवते पण मीठ कमी-जास्त कळत नाही तिला. मेंढवाड्यात जायची बंद झाली आहे. "आबा गेले त्या दिवशी व्याली ना ती मेंढी, तिला हात लावंना. पिल्लू चांगलं झालंय. उगं तिच्या पदरामागं फिरायलंय आन् ही त्याला हाकलायलीय. मी म्हनलं, माय, पिल्लाची काय गलती? तर मलाच शिव्या." दोन्ही बाजूंना हरभरा निघून गेलेली रानं होती, काळी, भेगाळलेली, आणि एका रानात कुणाचा तरी कळप खतासाठी बसवलेला होता. मी त्याच्या पाठीमागे बसून उत्तर ठरवत होते. खरं म्हणजे बसमध्येच ठरवलं होतं. आपोआप. जर आपोआप असेल तर मायच्या हातून काही चुकलं नाही. जर आबांनी दाबली असेल तर त्यांनी तिला बोलावलं आणि ती उठून गेली, आणि हे तिला उरलेलं आयुष्य घेऊन बसावं लागेल. उत्तर कुणाला ठाऊक असणार? त्या हातावर माझी ठिपक्यांची जाळी नव्हती. काहीच टिपलेलं नव्हतं. जिथे माप नाही तिथे दयेला जागा आहे, असं मी मनात म्हटलं, आणि हे वाक्य मला नको इतकं आवडलं.

घरी सरजाबाई बसलेल्याच होत्या. "आली का गं नसांची डाक्टरीन! माझ्या गुडघ्यात रातंदीस कट्‌कट वाजायलंय, त्याच्यावर कर की काई पीएच्डी." मी म्हटलं, मावशी, गुडघा माझ्याकडे येत नाही. "म्हंजे तू बी कामाची न्हाईस. येवढी शिकून!" माय हसली नाही. तिने मला पाणी दिलं, भाकरी केली, मी जेवताना समोर बसून राहिली. सरजाबाई बराच वेळ कुणाच्या लग्नाचं सांगत होत्या. त्यांना उठायचं नव्हतं, आणि माय त्या उठायची वाट बघत होती हे त्यांनाही कळत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "जाते बाई. मायलेकीचं काई असंल ते होऊ द्या." त्या गेल्यावर मायने दार लोटून घेतलं. भर दुपारी आमच्याकडे कुणी दार लोटत नाही.

मग तिने सांगितलं. रामप्रसाद कळप घेऊन रानात गेला होता. रुमाल लाळेने खराब झाला होता म्हणून तिने सकाळी धुऊन काट्याच्या कुंपणावर वाळत टाकला होता. आबांच्या बाजेशी ती बसली होती, त्यांचा डावा हात हातात घेऊन, उगीच, बोलणं चालू नव्हतं. रुमाल नव्हता. करंगळी तिच्या तळव्यावर हालली. त्या दिवसांत सगळं अंगच उडायचं, बोटंही उडायची, म्हणून तिने मनावर घेतलं नाही. इतक्यात मेंढवाड्यात मेंढी ओरडायला लागली, पिल्लू अडलं होतं. "म्हनलं, आत्ता येते. म्हनलं त्येंना तसं. डोळ्याकडं बगाया पायजे व्हतं, मी मेंढीकडंच बगायलते. आले तर हात तसाच व्हता, मी ठिवला तसा." तिचे डोळे कोरडे होते. "आता तू सांग. तुझं शिक्षान हाय त्याच्यात."

मी लगेच उत्तर द्यायला हवं होतं, ठरवलेलं. पण माझ्या तोंडून सवयीने दुसरंच निघालं. मी म्हटलं, "कशी हालली, मला करून दाखव." मायने माझा हात ओढून मांडीवर घेतला, आपली करंगळी माझ्या तळव्यावर ठेवली आणि क्षणभर डोळे मिटले. मग ती करंगळी वळली. झटका नव्हता. दाब हळू सुरू झाला, वाढला, वाढताना मध्ये जरा कापला, एका जागी येऊन थांबला, आणि तिथे राहिला. कापत राहिला. मग एकदम सुटला नाही, ओसरला.

एकटी पेशी ओरडते तेव्हा बोट उडतं. उडतं आणि पडतं, डोळ्याची पापणी लवावी तसं. ते धरून ठेवणं एकट्या पेशीला जमत नाही. धरून ठेवायला पुष्कळ पेशी लागतात, एकीचा ठोका संपायच्या आत दुसरीचा पडावा लागतो, आणि त्या सगळ्यांना एकच निरोप सतत मिळत राहावा लागतो. पेशी थोड्याच उरलेल्या असतील तर ठोक्यांच्या मधली फट भरून निघत नाही, म्हणून दाब कापतो. मायला हे काही ठाऊक नव्हतं. उडणं कशाची खूण आणि धरणं कशाची, हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. तिच्या तळव्याला जे आठवत होतं तेच तिने माझ्या तळव्यावर ठेवलं होतं. आठवण म्हणजे माप नव्हे, हे मी विद्यार्थ्यांना सांगते. तरी मी आजवर जे अंदाज छापून आणले आहेत त्यांतले कितीतरी याहून कच्च्या आधारावर होते. आबांच्या कण्यात त्या दुपारी थोड्याशा पेशी जिवंत होत्या, आणि त्या सगळ्यांना कुणीतरी एकच गोष्ट सांगत होतं, आणि सांगत राहिलं होतं. मेंढी ओरडायला लागायच्या आधी.

"आपोआपच असणार, माय," मी म्हटलं.

मला वाटलं, आता तिचे खांदे खाली येतील. ते आले, पण मी समजले होते तसे नाही. तिने माझा हात आपल्या मांडीवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मंग जाताना काईच म्हनले न्हाईत म्हन."

"माय—"

"न्हाई, बरं झालं सांगितलंस. मी आपली येड्यावानी धरून बसल्ते. म्हनलं, गलती झाली माझ्याकडून, ती तर झाली. पर म्हनले तर व्हते. थांब म्हनले व्हते. लगीन झाल्यापसून मेंढरामागं हिंडले, चार-चार महिने घरी आले न्हाईत, मला कधी थांब म्हनले न्हाईत का चल म्हनले न्हाईत. म्हनलं, एकडाव म्हनले." तिने पदराने ओट्यावरची धूळ पुसली, जिथे धूळ नव्हती. "चाललं. न्हाई तर न्हाई."

इतक्या लांबून मी तिच्यासाठी माफी घेऊन आले होते, आणि तिला माफी नको होती. ती त्या अपराधावर जगत होती. मी म्हटलं, "माय, मी खोटं बोलले. त्यांनी दाबली. मला नक्की माहीत आहे." आणि मी तिला सगळं सांगायला लागले, उडणं कसं आणि धरणं कसं, एकटी पेशी काय करू शकते आणि काय नाही, तिने दाखवलेल्या दाबात काय होतं. मी घाईने बोलत होते, पुस्तकी शब्द येत होते, ते मागे घेऊन दुसरे शोधत होते. माय ऐकत होती, दारावर आलेल्या विकणाऱ्याचं ऐकावं तशी, सभ्यपणे. माझं झाल्यावर म्हणाली, "मगाशी ते खरं व्हतं, आता हे खरं. येवढ्यात शास्त्र बदललं व्हय गं?"

"मगाशी तुला त्रास होऊ नये म्हणून—"

"आन् आता बी त्याच्यासाठीच."

मी म्हटलं, परत दाखव, मी तुला सांगते कुठे काय होतं ते. तिने हात दिला. करंगळी माझ्या तळव्यावर आली, दाबली, आणि तशीच राहिली, सरळ, घट्ट, कापल्याशिवाय, कितीतरी वेळ. हे तिचं होतं. आता तिला ठाऊक झालं होतं की काय असायला हवं. आबांचा तो दाब तिच्या तळव्यात एकदाच शुद्ध उरला होता, तो तिने माझ्या हातात दिला, आणि मी तो खर्चून टाकला होता. तिलाही ते कळलं असावं. करंगळी सोडून तिने हात पदरात गुंडाळला. बाहेर मेंढवाड्यात पिल्लू ओरडत होतं. त्याच्या आईला रामप्रसादने रानात नेलं होतं. माय उठली नाही.

"किती दिवस हायेस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आहे की. तू म्हणशील तोवर.

"मंग उद्या परत सांग."

"काय?"

"हेच. आत्ता सांगितलंस ते. आज मला खरं वाटंना. पर तू रोज एकडाव सांगत जा. एखांद्या दिवशी पटंल."

मी म्हटलं, सांगेन. आणि उद्याची वाट न बघता, आवाज शक्य तितका साधा ठेवून, पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.